रेघेच्या अलीकडचे सांगावे: समुद्रावरील कौटुंबिक रहस्यकादंबरी वाचकांपर्यंत कशी न्यावी

रहस्यकादंबरीच्या प्रसिद्धीत एक अडचण असते, जी चरित्राच्या किंवा प्रवासवर्णनाच्या वाट्याला येत नाही. पुस्तकात जे सर्वांत चांगले उतरले आहे, तेच कोणाला सांगता येत नाही. त्यातून कादंबरी एका बिनसलेल्या कुटुंबाची असेल आणि ती समुद्रावर घडत असेल, तर दुसरी अडचण उभी राहते. प्रकाशक, चित्रकार आणि स्वतः लेखकही समुद्राच्या मोहात पडतात, लाटा आणि वादळे विकू लागतात आणि ज्या घराची ही गोष्ट आहे ते घर जाहिरातीतून नाहीसे होते. या दोन्ही अडचणी टाळून अशी कादंबरी वाचकांच्या हाती कशी द्यावी, याची पावले येथे क्रमाने मांडली आहेत.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक कादंबरी समोर ठेवू. हर्णैच्या एका घरातील पाच जण नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीला स्वतःच्या ट्रॉलरवर निघतात. बाप नाखवा म्हणजे बोटीचा मालक आहे, थोरला मुलगा तांडेल म्हणजे बोट चालवणारा, धाकटा आणि जावई खलाशी म्हणून आलेले, आणि पाचवा चुलतभाऊ. घराची वाटणी रखडली आहे, बोटीवर कर्ज आहे, आणि बोट परत येते तेव्हा जेटीवर चारच जण उतरतात.

आधी रेघ आखावी

जाहिरातीचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी लेखकाने आणि प्रकाशकाने एकत्र बसून एका कागदावर ठरवावे की कथेतील काय उघड सांगायचे, काय फक्त परीक्षकाला कळू द्यायचे आणि काय कोणालाही सांगायचे नाही. साधारण नियम असा की कादंबरीच्या पहिल्या चतुर्थांशानंतर घडणारी कोणतीही गोष्ट जाहीर मजकुरात येऊ नये. मात्र हा नियम आंधळेपणाने लावता येत नाही. आपल्या उदाहरणात चारच जण उतरल्याचा प्रसंग पहिल्याच प्रकरणात असेल आणि पुढची सारी कादंबरी मागे जाऊन त्या फेरीचा हिशेब मांडत असेल, तर ‘पाच गेले, चार आले’ हे बेलाशक सांगावे. किंबहुना तेच जाहिरातीचे मुख्य वाक्य ठरेल. तोच प्रसंग दोनशेव्या पानावर येत असेल, तर तो सांगणे म्हणजे वाचकाच्या हातून दोनशे पाने काढून घेणे होय.

ही रेघ कागदावर उतरवण्याचे कारण असे की गुपित सहसा जाहिरातीतून फुटत नाही. ते फुटते पुस्तकाच्या स्वतःच्या अंगावरून. अनुक्रमणिकेत प्रकरणांना नावे दिलेली असतात आणि त्यातील एखादे नाव शेवट सांगून जाते. आरंभी वंशावळ छापलेली असते आणि तिच्यातील एका नावापुढे मृत्यूचे वर्ष असते. मनोगतात लेखक ज्या मानसोपचारतज्ज्ञाचे आभार मानतो, त्याच्यावरून चाणाक्ष वाचक अर्धे ओळखतो. आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे प्रस्तावना. ज्येष्ठ साहित्यिकाकडून वीस पानांची प्रस्तावना घेण्याची आपल्याकडची पद्धत कवितासंग्रहाला शोभते, पण रहस्यकादंबरीच्या आरंभी कथेचे सविस्तर विवेचन छापणे हा वाचकावर अन्याय आहे. प्रस्तावना घ्यायचीच असेल तर ती शेवटी छापावी आणि तिच्या माथ्यावर ‘कादंबरी वाचून झाल्यावर वाचावे’ अशी ओळ टाकावी. छपाईला जाण्यापूर्वी पुस्तकाच्या आरंभीची सर्व पाने या एकाच नजरेने तपासून घ्यावीत.

घर पुढे, समुद्र मागे

अशा कादंबरीत समुद्राचे काम काय असते, हे नीट समजून घेतले की प्रसिद्धीची दिशा आपोआप ठरते. जमिनीवर भांडण विकोपाला गेले तर माणूस उंबरठा ओलांडून निघून जातो, शेजारी मध्ये पडतात, रात्र सरते. बोटीवर यांतले काहीच होत नाही. ज्याच्याशी बोलणे टाकले आहे त्याच्याच हातचे जेवावे लागते, त्याच्याच शेजारी झोपावे लागते आणि जाळे ओढताना त्याच्यावरच जिवाचा भार टाकावा लागतो. म्हणजे समुद्र येथे खलनायक नाही. तो कोणालाही बाहेर पडू न देणारी जागा आहे. वादळावर भर देणारी जाहिरात साहसकथा शोधणाऱ्या वाचकाला ओढून आणते आणि तो पन्नास पानांत निराश होतो. नात्यांमधील ताण वाचण्याची आवड असलेला वाचक मात्र मुखपृष्ठावरची लाट पाहून पुस्तक परत फडताळात ठेवतो.

मुखपृष्ठाबाबत चित्रकाराला हेच सांगावे. परदेशी शिडाच्या नौकेचे तयार छायाचित्र वापरल्यास कोकणातील वाचक पुस्तक हातातही घेणार नाही. एका बोटीवर दुपारच्या जेवणाला मांडलेली पाच ताटे आणि त्यातील एक न उष्टावलेले, असे चित्र वादळापेक्षा अधिक अस्वस्थ करते. हे चित्र मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढे दिसल्यावरही कळते का, हे पाहावे, कारण बहुतेक वाचकांना पुस्तकाचे पहिले दर्शन तेथेच होते.

मलपृष्ठावरील मजकुरावर मुखपृष्ठापेक्षा जास्त वेळ खर्च करावा. पुढील मजकूर पाहा: ‘एका मच्छीमार कुटुंबाच्या आयुष्यात आलेले वादळ, नात्यांचा गुंता आणि भीषण सत्याचा शोध घेणारी उत्कंठावर्धक कादंबरी.’ हा मजकूर कोणत्याही शंभर पुस्तकांवर चिकटवता येईल. उत्कंठावर्धक, थरारक, खिळवून ठेवणारी ही विशेषणे वाचकाने वाचून झाल्यावर द्यायची असतात. आता हा मजकूर पाहा: ‘समुद्राला नारळ वाहून झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे एकाच घरातले पाच जण एकाच बोटीने निघाले. त्यांच्यातले दोघे दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते. बोट कोणाच्या नावावर करायची, हे बापाने अजून कोणालाच सांगितले नव्हते. मोबाइलची रेंज संपली आणि मग त्याने ते सांगितले.’ यात मृत्यू नाही, वादळ नाही, एकही विशेषण नाही. तरीही बापाने काय सांगितले असेल हा प्रश्न मागे उरतो, आणि रेंज संपल्यावर सांगितले याचा अर्थ ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही आता घरी फोन करता येणार नाही, हे वाचकाला न सांगता कळते. मलपृष्ठासाठी असे साठ ते ऐंशी शब्द पुरेसे आहेत. लेखकाचा परिचय आतील घडीवर न्यावा.

हाच मजकूर आतल्या पहिल्या पानावरही छापावा. सार्वजनिक वाचनालये पुस्तकाला बहुधा जाड पुठ्ठ्याची बांधणी करतात, तेव्हा मलपृष्ठ नाहीसे होते आणि वाचकाच्या हाती नाव लिहिलेला एक तपकिरी ठोकळा उरतो.

किनाऱ्यावरच्या माणसाची परीक्षा

प्रसिद्धीची भाषा ठरवण्याआधी कादंबरीतील समुद्राचा भाग आणि जाहिरातीचा मसुदा, दोन्ही प्रत्यक्ष बोटीवर काम केलेल्या तांडेलाकडून किंवा खलाशाकडून वाचून घ्यावेत. महाराष्ट्रात १ जूनपासून यांत्रिक नौकांना पावसाळी मासेमारी बंद असते आणि त्या काळात बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. म्हणून ‘जूनच्या खवळलेल्या समुद्रात निघालेले कुटुंब’ असे वाक्य जाहिरातीत आले तर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा मालवणात ते हशाचा विषय होईल. मोबाइलची रेंज संपली तरी ट्रॉलरवर वायरलेस संच असतो आणि त्याच्या सोळाव्या वाहिनीवर संकटाची हाक देता येते. कादंबरीत ‘जगाशी संपर्क तुटला’ असे म्हणायचे असेल तर तो संच का चालला नाही, किंवा कोणी चालू दिला नाही, याचे उत्तर लेखकाकडे असले पाहिजे, कारण चर्चेच्या कार्यक्रमात पहिला प्रश्न तोच येईल.

ज्यांनी अशी मदत केली त्यांना पहिल्या प्रती द्याव्यात आणि कार्यक्रमात व्यासपीठावर बसवावे. कोळीवाड्यातील माणसांना पारंपरिक वेशात उभे करून छायाचित्रे काढणे आणि पुस्तकावर बोलायला मात्र दुसऱ्यांना बोलावणे, हा प्रकार फार पाहायला मिळतो. तो टाळावा.

दिवस निवडताना

उदाहरणातील कादंबरी नारळी पौर्णिमेला सुरू होते, म्हणून त्याच दिवशी प्रकाशन करण्याचा मोह होईल. तो दिवस किनाऱ्यावरील वाचकाच्या घरच्या सणाचा असतो आणि त्याला सभागृहात यायला सवड नसते. त्याच्या दोन आठवडे आधी, श्रावणाच्या सुरुवातीला पुस्तक बाजारात आलेले बरे. त्यामागे आणखी एक हिशेब आहे. गणपतीला मुंबईचा चाकरमानी कोकणात जातो. त्या आठवड्यात दादर किंवा गिरगावात ठेवलेल्या कार्यक्रमाला या पुस्तकाचा मुख्य वाचकवर्गच हजर नसतो, पण पुस्तक आधी विकले गेले असेल तर ते त्याच्या पिशवीतून गावी जाते आणि चार घरांत फिरते. त्यानंतरच्या पितृपक्षात समारंभ ठेवू नये. तो काळ परीक्षणे मिळवण्यासाठी आणि वाचनालयांशी पत्रव्यवहार करण्यासाठी वापरावा.

दिवाळी अंकांची तयारी मात्र याच्या बरीच आधी सुरू करावी लागते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही परंपरा आजही मराठी वाचकाला नवे नाव ओळखून देणारी सर्वांत मोठी वाट आहे, आणि बहुतेक संपादक उन्हाळ्यातच मजकूर मागू लागतात. अंकाला कादंबरीतील प्रकरण देऊ नये. तुटलेले प्रकरण ना धड कथा असते ना धड जाहिरात. त्याऐवजी त्याच कुटुंबाची, कादंबरीच्या काही वर्षे आधी घडलेली एक स्वतंत्र कथा लिहावी, उदाहरणार्थ बोटीसाठी कर्ज काढण्याचा दिवस. ती स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे आणि तिच्या शेवटी कादंबरीचे नाव एका ओळीत यावे. ज्याने ती कथा वाचली त्याला त्या घराची आधीच ओळख झालेली असते, आणि गुपिताला धक्काही लागत नाही.

दिवाळीनंतरच्या काळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातील ग्रंथप्रदर्शन, जिल्ह्याजिल्ह्यांतील ग्रंथोत्सव आणि २०२३ पासून डिसेंबरात पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणारा पुस्तक महोत्सव ही ठिकाणे आहेत. एकाच पुस्तकासाठी गाळा घेणे परवडत नाही. प्रकाशकाच्या किंवा ओळखीच्या विक्रेत्याच्या गाळ्यावर ठरावीक वेळी हजर राहावे आणि ती वेळ आधी जाहीर करावी.

प्रकाशन समारंभ आणि प्रमुख पाहुणे

मराठी रहस्यकादंबरीचा सर्वांत मोठा शत्रू प्रकाशन समारंभातील प्रमुख पाहुणा असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्याने पुस्तक मनापासून वाचलेले असते, ते वाचल्याचे सिद्धही करायचे असते, आणि म्हणून तो चाळीस मिनिटांत संपूर्ण कथानक, शेवटच्या प्रकरणासह, सभागृहाला सांगतो. ज्यांनी पुस्तक घ्यायचे होते ते टाळ्या वाजवून चहाकडे वळतात. हे टाळण्यासाठी पाहुण्यांना निमंत्रणाबरोबरच एक पानाचे टिपण द्यावे. त्यात बोलण्यासाठी विषय सुचवावेत: वाटणीचा प्रश्न आणि कुटुंब, किनाऱ्यावरचे बदलते अर्थकारण, बंद जागेत घडणाऱ्या कथांचे तंत्र. आणि नम्रपणे एक ओळ लिहावी: ‘अमुक पानानंतरच्या घटनांचा उल्लेख सभागृहात होऊ नये, अशी विनंती आहे.’ ज्येष्ठ माणसाला असे लिहिण्याचा संकोच वाटत असेल तर प्रकाशकाच्या सहीने लिहावे. हाच उल्लेख सूत्रसंचालकाकडेही असावा, कारण बरेचदा गुपित फुटते ते त्याच्या प्रास्ताविकात.

भाषणांपेक्षा अभिवाचन ठेवणे अधिक चांगले. आठ ते दहा मिनिटांचा, दोन आवाजांत वाचता येईल असा, रेघेच्या अलीकडचा प्रसंग निवडावा, आणि तो जेथे संपतो तेथे न थांबता त्याच्या चार ओळी आधी थांबावे. आपल्या उदाहरणात जेवणाचा प्रसंग घेता येईल, ज्यात धाकटा भाऊ थोरल्याला मीठ मागत नाही, जावयाकडून मागवतो. ध्वनिक्षेपकावर लाटांचा आवाज लावू नये. ऐकणाऱ्याचे लक्ष लाटांकडे जाते.

परीक्षकांसाठीच्या प्रती

वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांना आणि मासिकांना प्रती पाठवल्या की बहुतेकदा ‘साभार पोच’ या सदरात एका ओळीत नाव येते आणि विषय संपतो. म्हणून प्रती सरसकट पाठवू नयेत. रहस्यकथा आवडीने वाचणारे आणि त्यावर नियमित लिहिणारे परीक्षक शोधावेत, त्यांना आधी विचारावे आणि होकार आल्यावरच प्रत धाडावी. प्रतीसोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवावी: ‘पुस्तकाविषयी प्रतिकूल लिहिण्यास काहीच हरकत नाही, फक्त फेरीच्या चौथ्या दिवसानंतरच्या घटना वाचकांसाठी राखून ठेवाव्यात.’ या वाक्याचा पूर्वार्ध महत्त्वाचा आहे. गुपित राखण्याची विनंती करणारा लेखक टीकेपासून पळत नाही, हे परीक्षकाला दिसले पाहिजे.

वाचनालये

रहस्यकादंबरी महाराष्ट्रात मुळात वाचनालयांनी जगवली. आठवड्याला पुस्तक बदलणारा सभासद आजही जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात आणि शासकीय अनुदानातून पुस्तके घेतात. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथयादीसाठी पुस्तक वेळेत पाठवले आहे की नाही, हे प्रकाशकाला स्पष्ट विचारावे, कारण अनेक लेखकांना ही यादी असते हेच उशिरा कळते. खरेदी बरीचशी आर्थिक वर्ष संपण्याच्या सुमारास होते, तेव्हा जानेवारीत ग्रंथपालांना पत्र, किमतीचा तपशील आणि मलपृष्ठाचा मजकूर पोहोचला पाहिजे.

सुरुवात किनाऱ्यावरून करावी. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. या संस्थांमध्ये वाचकमंडळे आहेत. तेथे वाचून झालेल्यांसाठी वेगळी बैठक ठेवावी, जिच्यात शेवटावरही मोकळेपणाने बोलता येईल. न वाचलेल्यांनी त्या बैठकीला येऊ नये असे सूचनाफलकावर लिहिले, की ते वाचून चार जण तरी पुस्तक मागायला जातात. ग्रंथालयाच्या प्रतीत एखादा विघ्नसंतोषी सभासद पहिल्याच पानावर पेन्सिलीने अपराध्याचे नाव लिहून ठेवतो, त्याला मात्र इलाज नाही.

पडद्यावर आणि कानात

समाजमाध्यमांवर रोज काहीतरी टाकण्यापेक्षा पाच पात्रांच्या पाच छोट्या नोंदी आठवड्याला एक याप्रमाणे द्याव्यात. प्रत्येक नोंदीत ते पात्र बोटीवर काय घेऊन निघाले एवढेच सांगावे. बापाच्या पिशवीतील कागद, तांडेलाची वही, जावयाचा दुसरा मोबाइल. यातून कुटुंब उभे राहते आणि संशयही पसरतो. टिप्पण्यांत कोणी शेवट लिहिलाच तर ती टिप्पणी काढावी आणि लिहिणाऱ्याला खासगी निरोप पाठवून कारण सांगावे; जाहीर वाद घातला तर ज्यांनी ती टिप्पणी पाहिली नव्हती तेही शोधून पाहतात. पहिले प्रकरण वाचायला फुकट द्यावे, पण ते प्रकाशकाच्या संकेतस्थळावर. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल फिरू लागली की पुढची प्रकरणेही त्याच वाटेने फिरतील अशी अपेक्षा निर्माण होते.

श्राव्य आवृत्तीचा विचार उशिरा करू नये. २०१७ पासून स्टोरीटेलसारख्या सेवांमुळे मराठी पुस्तके ऐकण्याची सवय लागली आहे, आणि परदेशी राहणारे किंवा व्यापारी जहाजांवर नोकरी करणारे मराठी वाचक छापील प्रतीपेक्षा तिच्याकडे सहज वळतात. वाचणाऱ्या कलावंताला शेवट आधी माहीत असतो, आणि अपराधी पात्राचा आवाज तो नकळत काळा करतो. ध्वनिमुद्रणाच्या आधी त्याच्याशी याविषयी बोलून घ्यावे.

पैशाचा हिशेब

समजा, ५०० प्रतींची आवृत्ती आहे, छापील किंमत ३५० रुपये आहे आणि कमिशन, सवलत, टपाल वजा जाता प्रतीमागे २०० रुपये हाती येतात. छपाईचा खर्च प्रतीला १२० रुपये धरला तर एकूण ६०,००० होतात. परीक्षक, मदतनीस आणि संस्था यांना मिळून ६० प्रती भेट गेल्या, तर उरलेल्या ४४० प्रतींचे ८८,००० रुपये येतील, तेही सर्व विकल्या गेल्या तर. म्हणजे प्रसिद्धीसाठी जास्तीत जास्त २८,००० रुपये आहेत, आणि तेवढे खर्च केले तर लेखकाच्या हाती काही उरत नाही. हा आकडा समोर असला की वातानुकूलित सभागृह, पुष्पगुच्छ आणि शाली यांवर किती घालवायचे याचा निर्णय सोपा होतो. माझ्या मते यातील निम्मा पैसा प्रती आणि टपाल यांवर जावा.

बातमी आणि पुस्तक

समुद्रावरील कादंबरीच्या लेखकाला एक प्रसंग कधी ना कधी गाठतोच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात कामगारांचा तराफा बुडाला आणि अनेकांचे प्राण गेले. अशी घटना घडते त्या दिवशी आपल्या नियोजित जाहिराती तत्काळ थांबवाव्यात, आणि ‘आमच्या कादंबरीतही असेच घडते’ असा मजकूर कधीही लिहू नये. आधीच ठरवून ठेवलेल्या नोंदी आपोआप प्रसिद्ध होत असतील तर त्या बंद कशा करायच्या, हे किमान दोघांना माहीत असावे.

दुसऱ्या वर्षी

वर्षभरानंतर रेघ थोडी पुढे सरकवता येते. पुरस्कारांच्या निवड समित्या पूर्ण पुस्तक वाचतात, तेथे लपवण्यासारखे काही नसते. दुसऱ्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर वाचकांचे अभिप्राय घ्यावेत, पण शेवट अनपेक्षित असल्याचे सांगणारा अभिप्राय गाळावा. तो वाचून वाचक पहिल्या पानापासून शेवटच्या कलाटणीची वाट पाहत बसतो आणि मधले घर त्याला दिसत नाही. अनुवादक, चित्रपट किंवा वेबमालिकेचे निर्माते यांना मात्र शेवटासह पूर्ण सारांश द्यावा लागतो. गुपित ठेवून पाठवलेला सारांश त्यांच्या उपयोगाचा नसतो. हा सारांश चार-पाच पानांचा, वेगळा तयार ठेवावा, कॉपीराइटची नोंदणी आधी करून घ्यावी, प्रत्येक प्रतीवर ती कोणाला दिली त्याचे नाव आणि तारीख घालावी, आणि पोच ई-मेलने लेखी मिळाल्याशिवाय पुढचे बोलणे सुरू करू नये.